प्रतिनिधीचा प्रतिनिधी

"माझा भाग बरोबर होता" हे वाक्य मनुष्य केव्हा उच्चारतो याचा विचार केला, तर असे दिसून येईल की सर्व काही सुरळीत चालले असता ते कोणीच उच्चारीत नाही. घर खचल्यावर गवंडी ते म्हणतो. पीक बुडाल्यावर बियाणे विकणारा म्हणतो. मुलगा हाताबाहेर गेल्यावर बाप म्हणतो. हे वाक्य बहुधा खोटे नसते, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. ज्याचा भाग खरोखरच बरोबर होता, परंतु तो बरोबर आहे की नाही हे पाहताना ज्याने इतर सर्वांच्या वतीने स्वतःच उत्तरे देऊन ठेविली होती, त्याच्याकडे दोष जातो काय, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटेल. माझ्यापुढे मात्र तो आला संगणकाच्या कामातून, आणि तोही माझ्याच एका विद्यार्थ्याच्या तोंडून.

दिवाळीच्या सुटीत अलिबागेस आपल्या घरी आला असता तो मला भेटावयास आला होता. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि अनुमानाची उदाहरणे इतरांच्या आधी सोडवून खिडकीबाहेर पाहत राही. हल्ली पुण्यास प्रोग्राम लिहिण्याचे काम करतो. त्याचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले ते असे. एका पतसंस्थेकरिता त्याने ठेवींवरील व्याज दरमहा ठेवीदाराच्या नजीकच्या शाखेत पाठविण्याचा प्रोग्राम तयार केला होता. चारशेहून अधिक परीक्षांतून तो निर्वेध पार पडला. परंतु काम प्रत्यक्ष सुरू होताच आपल्या किनाऱ्यावरील काही वृद्ध ठेवीदारांचे व्याज अलिबाग, रेवदंडा, मुरूड येथे न येता मुंबईस कुलाब्याच्या शाखेत जाऊन पडले. कारण शोधता असे निघाले की, आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले; तोपर्यंत ते कुलाबा होते, आणि जुन्या खात्यांवर 'जिल्हा कुलाबा' असाच पत्ता राहून गेला होता. यंत्राने कुलाबा म्हणजे मुंबईचा कुलाबा असे धरले. त्यात यंत्राचा अपराध नाही. बाहेरगावच्या माणसांचीही हीच चूक आम्ही जन्मभर पाहत आलो आहो. परंतु रेवदंड्याकडची एक म्हातारी कोळीण दोन महिने शाखेच्या पायऱ्या चढत-उतरत होती, आणि तिला प्रत्येक वेळी "आजी, तुमचे पैसे आलेले नाहीत" एवढेच उत्तर मिळत होते. त्या व्याजावर तिच्या औषधाची उधारी भागत असे.

"सर," तो म्हणाला, "माझा भाग बरोबर होता. माझ्या सगळ्या परीक्षा हिरव्या होत्या."

हिरव्या म्हणजे उत्तीर्ण, हे मला विचारून घ्यावे लागले. पुढचे सर्व विवेचन त्याने मला दोन संध्याकाळी बसून समजाविले त्यावर आधारलेले आहे. वाचकांपैकी जे या विद्येत मुरलेले असतील त्यांनी माझ्या ढोबळपणाबद्दल क्षमा करावी.

मोठा प्रोग्राम म्हणजे एकच अखंड वस्तू नव्हे. तो शेकडो लहान भागांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक भाग आपले काम करताना दुसऱ्या कोणाकडे तरी काही मागतो. अशा एका भागाची एकट्याची परीक्षा घेणे यास त्या धंद्यात 'युनिट टेस्ट' म्हणतात. परंतु जो भाग दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याची एकट्याची परीक्षा घ्यावयाची कशी? त्याकरिता त्या दुसऱ्याच्या जागी एक बनावट पात्र उभे करितात. अमुक विचारले असता तमुक सांगावयाचे, एवढेच त्यास पढविलेले असते. या पात्रास 'मॉक' असे नाव आहे. लंडनमधील काही प्रोग्रामकारांनी २००० साली एका निबंधात ही रीत मांडली. पुढे २००७ साली जेरार्ड मेसझारोस या लेखकाने अशा सर्व बदली पात्रांना मिळून, चित्रपटात नायकाऐवजी उडी मारणाऱ्या माणसाच्या नावावरून, 'टेस्ट डबल' ही संज्ञा दिली.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामात एक भाग असा होता की, तो खात्याला विचारी, तुझा खातेदार कोण. त्या खातेदाराला विचारी, तुझा पत्ता कोणता. त्या पत्त्याला विचारी, तुझा जिल्हा कोणता. आणि त्या जिल्ह्याला विचारी, तुझी शाखा कोणती. या भागाची परीक्षा घेण्यासाठी एक बनावट खाते करून भागेना. ते खाते विचारल्यावर बनावट खातेदार देई, तो खातेदार बनावट पत्ता देई, तो पत्ता बनावट जिल्हा देई, आणि तो जिल्हा सरतेशेवटी शांतपणे 'अलिबाग शाखा' असे म्हणे. एकात एक बसणाऱ्या डब्यांप्रमाणे चार बनावट पात्रे एकाच्या पोटात एक अशी बसविलेली होती, आणि सर्वांत आतल्या डब्यात जे उत्तर होते ते माझ्या विद्यार्थ्यानेच स्वतःच्या हाताने आत ठेविले होते. मग ते बाहेर आले यात नवल ते काय?

'मॉक' या शब्दाला मराठीत काय म्हणावे असे त्याने मला विचारले, तेव्हा माझ्या तोंडून चटकन 'तोतया' हा शब्द गेला. कुलाब्याच्या मुलखात राहणाऱ्यास तो सुचणे स्वाभाविक आहे. पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणणारा गृहस्थ १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात त्याने हजारो माणसे जमविली, आणि शेवटी समुद्रमार्गे मुंबईकडे पळू पाहत असता आंग्र्यांच्या हाती सापडून पुण्यास त्याचा शेवट झाला, ही कथा येथील लहान मुलांनाही ऐकून ठाऊक असते. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याच्या निशाणाखाली जमलेल्यांपैकी कितीजणांनी भाऊसाहेबांस डोळ्यांनी पाहिले असेल? बहुतेकांनी त्याला ओळखले ते 'अमक्याने ओळखले' म्हणून, आणि त्या अमक्याने ओळखले ते तमक्याने ओळखले म्हणून. मूळ माणसाशी ताडून पाहण्याचे काम प्रत्येकाने आपल्या पुढच्यावर सोपविले होते. हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यावयाचा आहे.

तथापि 'तोतया' हा शब्द जरा कठोर झाला, हे मला लगेच जाणवले. तोतया फसवावयास येतो. परीक्षेतील बनावट पात्र सर्वांच्या संमतीने, उघडउघड बनावट म्हणून उभे असते. नाटकाच्या तालमीत एखादा नट आला नाही तर त्याच्या जागी कोणी तरी वही घेऊन उभा राहतो; त्यास मंडळी 'प्रॉक्सी' म्हणतात, व त्यात लबाडी कोणास दिसत नाही. उलट, तो नसता तर नायिकेने आपली वाक्ये भिंतीला म्हणावयाची काय? तेव्हा प्रश्न बनावट पात्र असावे की नसावे हा नसून, प्रतिनिधीचा तोतया कोणत्या क्षणी होतो, हा आहे.

काही मंडळींचे म्हणणे असे असते की ही सोंगे मुळातच नकोत. प्रत्येक वस्तूची परीक्षा खऱ्या जगातच, खऱ्या सोबत्यांसह व्हावी. हे म्हणणे मोठे प्रामाणिक दिसते, परंतु मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी मला माझ्या घरापासून फार दूर जावे लागत नाही. अलिबागेच्या समुद्रकिनाऱ्यालगत पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. मूळची वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यास, १८२६ साली स्थापन झालेली. तेथे १८४१ पासून चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीभर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले त्याची नोंद या कुलाब्याच्या वहीत आहे, आणि दीडशे वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञांनीही तिचा आधार घेतला आहे. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जवळून गेला की चुंबकसूची हलते. मग सूची हलली ती पृथ्वीच्या अंतरंगामुळे, की कोणी कारकून कचेरीस उशीर झाला म्हणून ट्राममध्ये चढला त्यामुळे, हे सांगणार कोण? वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी म्हणून समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारिली. तिच्या मापनगृहांसाठी चुंबकत्व नसलेला दगड निवडला, लोखंड कटाक्षाने टाळले, आणि १९०४ साली तेथे निरीक्षणे सुरू झाली. विजेच्या ट्राम मुंबईत धावू लागल्या त्या १९०७ साली.

एखाद्या वस्तूला तिच्या सभोवतालच्या गोंगाटापासून दूर नेऊन तिचे एकटीचे बोलणे ऐकणे, हा पळपुटेपणा नसून न्याय आहे. सर्वांची परीक्षा एकदम घेतली आणि उत्तर चुकले, तर चुकले कोण हे कळत नाही. मग जो सर्वांत दुबळा त्याच्या माथी दोष बसतो. घरोघरी हेच चालते. स्वयंपाक बिघडला तर तांदूळ जुना होता, चूल ओली होती, की पाहुणे दोन तास उशिरा आले, याचा विचार कोण करतो? शिव्या सुनेला बसतात. निरपराध्याला ओळखावयाचे असेल तर त्यास एकटे बाजूला घेऊन विचारावे लागते. एवढ्यापुरता माझा विद्यार्थी बरोबर होता, आणि त्याच्या धंद्याची ही रीतही बरोबर आहे.

परंतु बाजूला घेतलेल्या माणसाची जबानी घेताना आपण त्याच्यासमोर जे इतर साक्षीदार उभे करितो ते कोणी पढविले, हाही प्रश्न आहे. कोर्टात पढविलेल्या साक्षीदाराची एक खूण वकील लोक सांगतात: तो कधी अडखळत नाही. खरा साक्षीदार विसरतो, चिडतो, विचारले त्याहून भलतेच सांगतो, कधी मुळी हजरच होत नाही. बनावट जिल्ह्याने 'कुलाबा' असे कधीच म्हटले नाही; कारण त्याला तसे म्हणता येते हे त्याच्या निर्मात्याच्याच स्वप्नात नव्हते. म्हणजे चारशे परीक्षांत जे सिद्ध झाले ते एवढेच की, जग जर माझ्या कल्पनेप्रमाणे वागले तर मी चुकणार नाही. हे विधान खोटे नाही. परंतु त्यातील 'जर' परीक्षेच्या निकालावर छापलेला नसतो. निकालावर फक्त हिरवा रंग असतो.

या 'जर'ची किंमत केवढी असू शकते याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून युरोपीय राष्ट्रांचे 'आरियान ५' हे अग्निबाण-यान प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत फुटून पडले. त्यात चार उपग्रह होते. यानाची दिशा व गती सांगणारे जे यंत्र होते त्याचा प्रोग्राम आधीच्या 'आरियान ४'वरून जसाच्या तसा घेतला होता. नवे यान अधिक वेगाने आडवे सरकत असे. त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की त्याच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत तो मावेना. यंत्र बंद पडले. जोडीला ठेविलेले दुसरे यंत्रही त्याच कारणाने बंद पडले, कारण दोघांच्या पोटात एकच प्रोग्राम होता. आता येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या भागाचा. गणिती ल्यों यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीला असे आढळले की, जमिनीवर संपूर्ण यानाची जी सराव-परीक्षा झाली तीत हे यंत्र बसविलेलेच नव्हते. त्याच्या जागी त्याचे वागणे वठविणारा एक प्रोग्राम होता. तो प्रतिनिधी अर्थातच बंद पडला नाही. खरे यंत्र पूर्वीच कसोटीस उतरले आहे, मग ते पुन्हा येथे कशाला, अशी समजूत होती. आणि ते कसोटीस उतरले होते ते नव्या यानाच्या मार्गावर नव्हे. प्रत्येकाचा भाग बरोबर होता. यान मात्र समुद्रकाठच्या चिखलात पडले.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे समजण्याचे कारण नाही. त्यांची यंत्रे म्हणजे यज्ञ. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जैमिनीने 'प्रतिनिधी' हा विषय घेतला आहे. यज्ञास व्रीही सांगितले आहेत आणि व्रीही मिळत नाहीत. तर काय करावे? यज्ञ बुडवावा काय? मीमांसक म्हणतो, नाही. नीवार, म्हणजे रानटी भात, घ्यावा. का, तर नीवारात व्रीहीचे पुष्कळसे अवयव आहेत. आपण नीवार घेतो तो नीवार म्हणून नव्हे. त्यात जेवढा व्रीही आहे तेवढ्यासाठी घेतो. केवढी सूक्ष्म दृष्टी ही! प्रतिनिधीला स्वतःचे असे मोल नाही; मूळ वस्तूशी त्याचे जे साम्य आहे तेवढीच त्याची पुण्याई.

यानंतर मीमांसक कोणाला प्रतिनिधी चालत नाही हेही सांगतो. देवतेला नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही; आणि यजमानाला तर नाहीच नाही, कारण फळ ज्याला मिळावयाचे तोच नसेल तर यज्ञ कोणाचा? माझ्या विद्यार्थ्याने हे ऐकले तेव्हा तो मोठ्याने हसला. त्याच्या कचेरीत म्हणे अशाही परीक्षा सापडल्या आहेत की ज्यांत एकूण एक पात्र बनावट होते. ज्याची परीक्षा घ्यावयाची तो भागसुद्धा! सोंगांनी सोंगांना प्रश्न विचारले, सोंगांनी उत्तरे दिली, आणि निकाल हिरवा लागला.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे अधिकरण. समजा, व्रीही मिळाले नाहीत म्हणून नीवार घेतला, आणि कर्म चालू असता नीवारही संपला. आता काय शोधावे? नीवारासारखे दिसणारे धान्य, की व्रीहीसारखे? भोळा मनुष्य म्हणेल, हाती नीवार होता, तेव्हा त्याच्यासारखे शोधा. मीमांसक म्हणतो, नव्हे. पुन्हा व्रीहीकडेच पाहा. प्रतिनिधीला प्रतिनिधी नाही. कारण उघड आहे. नीवारात व्रीहीचा जेवढा अंश होता तेवढ्यापुरताच त्याचा अधिकार. नीवारासारख्या तिसऱ्या वस्तूत जो अंश उतरला असेल तो कदाचित नीवाराचा स्वतःचा, व्रीहीत मुळीच नसलेला असेल. साम्य ही वारसाहक्काने उतरणारी इस्टेट नव्हे. दर पायरीला मूळ दूर जाते, आणि चौथ्या पायरीवर जे हाती राहते त्यात शोधणाऱ्याच्या लहरीखेरीज काही नसते. कोकणातल्या त्या तोतयाला ओळखणाऱ्यांचे असेच झाले. आणि बनावट खात्याने दिलेल्या बनावट खातेदाराने दिलेल्या बनावट पत्त्याने दिलेल्या बनावट जिल्ह्याचेही असेच झाले.

आश्चर्य हे की, या धंद्यातील जाणती माणसे स्वतंत्रपणे याच ठिकाणी येऊन पोहोचली आहेत. अशी सोंगे बनविण्याचे जे एक प्रसिद्ध साधन आहे त्याच्या कर्त्यांनी एकात एक सोंगे आपोआप बसविण्याची सोय दिली खरी. परंतु ही सोय सहसा लागू नये, लागली तर प्रोग्रामाच्या मूळ रचनेतच काही खोट असावी, असा इशारा तिच्याशेजारीच लिहून ठेविला आहे. सोय करून देणारानेच ती वापरू नका म्हणून सांगावे, असा प्रामाणिकपणा इतर व्यापारांत दिसल्याचे मला आठवत नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ साली सांगितला गेलेला एक नियमही त्याच्याशी जुळतो. त्याला 'लॉ ऑफ डिमीटर' म्हणतात. डिमीटर ही ग्रीकांची धान्यदेवता, आणि आमच्या व्रीही-नीवाराच्या चर्चेनंतर हे नाव ऐकून मला मौज वाटली. नियमाचा आशय असा की, ज्याने त्याने आपल्या निकटच्या शेजाऱ्याशीच बोलावे. शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याच्या शेजाऱ्याचा, आणि तेथून पुढच्याचा, असा माग काढीत जाऊ नये.

हा नियम रेवसच्या धक्क्यावर कोणालाही समजेल. ओहोटीला गाळामुळे तेथे लाँच लागणे कठीण जाते. म्हणजे लाँच भरतीवर अवलंबून, भरती चंद्रावर आणि सूर्यावर. परंतु मुंबईस निघालेला मनुष्य चंद्राला विचारीत बसत नाही, तो तांडेलाला विचारतो, "लाँच किती वाजता?" भरतीची चिंता तांडेलाची. आता या प्रवाशाच्या बेताची परीक्षा आपणास घरबसल्या घ्यावयाची असेल, तर एक बनावट तांडेल पुरे. त्याने एकदा 'साडेसात' म्हणावे, एकदा 'नऊ' म्हणावे, आणि एकदा 'आज लाँच नाही' असेही म्हणावे. हे शेवटचे उत्तर विसरू नये. परंतु प्रवासी जर स्वतःच चंद्रापर्यंत चौकशी करीत जाणारा असेल, तर त्याच्या परीक्षेसाठी आपणास बनावट चंद्रही करावा लागेल. दोष चंद्राचा नाही, सोंगाचाही नाही. त्या प्रवाशाच्या स्वभावाचा आहे, आणि तो सोंग करण्याच्या कंटाळ्यातून उघडकीस आला, हा त्या परीक्षेचा उपकारच मानावयाचा.

येथे कोणी विचारील, एकच प्रतिनिधी असला तरी तो मूळाला धरून आहे याची हमी काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी मघाच्या वेधशाळेकडे पुन्हा जावे लागते. अलिबागेस नवी यंत्रे बसली म्हणून कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू होती. खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे, रोजच्या रोज, तीच पृथ्वी दोघांनी मोजली आणि दोघांची उत्तरे ताडून पाहिली. तेव्हा कोठे अलिबागेने कुलाब्याची वही पुढे चालवावयास घेतली, आणि ती आजतागायत चालू आहे. उद्या काही कारणाने अलिबागेऐवजी तिसऱ्या जागी जावे लागले तरी हा प्रतिनिधीचा प्रतिनिधी होणार नाही; कारण तो अलिबागेकडून ऐकून बोलणार नाही, पृथ्वीकडूनच ऐकेल. ज्या खर्चाला आपण आज दुहेरी म्हणून नावे ठेवू, त्या दोन वर्षांच्या खर्चावर त्या वहीची सारी प्रतिष्ठा उभी आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, माझा भाग बरोबर होता असे मला म्हणता येणार नाही?" मी म्हटले, "तुझा भाग कोणता, हेच तू चुकीचे ठरविलेस. तू दुसऱ्याच्या तोंडी शब्द घातलेस त्या क्षणी ते शब्द तुझ्या भागात आले. जिल्ह्याच्या वतीने तू वचन दिलेस. ते जिल्ह्याला ठाऊकसुद्धा नव्हते. मग ते पाळले जाते की नाही हे पाहणार कोण?" त्याला हे कठोर वाटले असावे. तो म्हणाला, की खऱ्या वह्या त्याच्या हाती नव्हत्याच; त्या दुसऱ्या खात्याकडे होत्या, मागितल्या तर महिना लागे, आणि काम पंधरवड्यात हवे होते. यात तथ्य आहे, आणि या तथ्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. ज्याला मूळ वस्तू पाहूच दिली जात नाही त्याने प्रतिनिधीवर भागविले तर दोषाचा मोठा वाटा न दाखविणाराकडे जातो. तरी एक गोष्ट त्याच्या हातची होती: आपण मूळ पाहिलेले नाही हे निकालाच्या कागदावर लिहिणे. तेवढे त्याने केले नव्हते, आणि ते त्याने कबूल केले.

पुढे त्याने काय केले तेही सांगून टाकतो. ती चार पायऱ्यांची विचारपूस त्याने काढून टाकली. आता त्याचा भाग खात्याला एकच प्रश्न विचारतो, 'तुझी शाखा कोणती?' आणि शाखा शोधण्याची जबाबदारी खात्याची. परीक्षेत एकच बनावट खाते उभे राहते, आणि त्याला 'ठाऊक नाही' असे म्हणावयासही शिकविले आहे. शिवाय त्या बनावट खात्याची उत्तरे रोज रात्री खऱ्या वहीतील उत्तरांशी ताडून पाहण्याची व्यवस्था झाली आहे. त्यासाठी त्याला वरिष्ठांशी बरेच भांडावे लागले. कोळणीचे व्याज थकबाकीसह पोहोचले. दोन महिन्यांच्या हेलपाट्यांचे काय, हे मी विचारले नाही.

निघताना तो उंबऱ्यात थांबला आणि सहज विचारावे तसे म्हणाला, "सर, आपल्या वेळी परीक्षेला आम्ही पुस्तक कधी वाचले होते? गाइडच वाचत असू. पुढे गाइडही मोठे वाटू लागले, तेव्हा त्यातून काढलेले अपेक्षित प्रश्न वाचू लागलो." तो गेल्यावर मी ओसरीवर बसून राहिलो. पुस्तकाचा प्रतिनिधी गाइड, गाइडाचा प्रतिनिधी अपेक्षित प्रश्न, हे तर झालेच. परंतु प्रश्नपत्रिका काढणारा मी होतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत ती काढताना माझ्या टेबलावर काय उघडे असे, हे त्याला ठाऊक नव्हते. जुन्या प्रश्नपत्रिका उघड्या असत. मुले माझ्या मागच्या पत्रिकांवरून माझ्या पुढच्या पत्रिकेचा अंदाज बांधीत, मी त्यांच्या मागच्या उत्तरांवरून पुढचे प्रश्न बेतीत असे, आणि दोघांचेही निकाल उत्तम लागत.

त्या रात्री मी चालू सत्राची तयार करून ठेविलेली प्रश्नपत्रिका काढली, कपाटातून मूळ ग्रंथ काढला, आणि एकेका प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू लागलो. पहिले दोन सापडले. तिसऱ्याचे उत्तर मला तोंडपाठ होते. मुलांनाही तोंडपाठ असणार. अकरा वाजेपर्यंत पाने उलटीत होतो, परंतु ते ग्रंथात कोठेच मिळेना.